मुंजाची गोष्ट काढायची, ठेवायची की पुन्हा शूट करायची? एका कमी बजेटच्या मराठी भयपटाचं प्रकरण

पार्श्वभूमी

सिंधुदुर्गातल्या आणि पुण्यातल्या नाटकवाल्या मंडळींनी मिळून केलेल्या एका अँथॉलॉजी भयपटाचं हे प्रकरण आहे. चार स्वतंत्र गोष्टी, त्यांना बांधणारा एक धागा आणि लांबी दोन तासांच्या आत. संकलनाच्या टप्प्यापासून मी या टीमबरोबर होतो. संबंधितांच्या संमतीने लिहितो आहे. माणसं, गावं आणि काही तपशील ओळखू येणार नाहीत इतके बदलले आहेत.

दिग्दर्शक एकांकिका स्पर्धांतून आलेला. निर्माते तिघं: एक आंबा बागायतदार, एक हार्डवेअरचे दुकानदार आणि दिग्दर्शकाची मुंबईत नोकरी करणारी मावसबहीण. पैसा तिघांच्या खिशातला, त्यामुळे एक वाया गेलेली रात्रही सगळ्यांना लागायची.

अँथॉलॉजीच का, याचं कारण व्यवहाराचं होतं. नावाजलेल्या कलाकारांच्या सलग तारखा परवडत नव्हत्या. पण चार गोष्टींत विभागलं तर प्रत्येकाकडून थोडेच दिवस मागावे लागतात. शिवाय एक गोष्ट शूट करायची, तिचे रशेस, म्हणजे संकलन न केलेलं चित्रीकरण, दाखवून पुढच्या गोष्टीसाठी पैसे उभे करायचे, असंही करता येत होतं. कागदावर हे गणित पक्कं दिसत होतं. प्रत्यक्षात अँथॉलॉजीत एकदा केलेला खर्च पुढे कामाला येत नाही. एकाच वाड्यात घडणाऱ्या भयपटात वाडा एकदाच सजवावा लागतो. इथे चार घरं, चार वेळा रेकी म्हणजे जागांची पाहणी, चार वेळा कपडेपट. प्रेक्षकालाही चार वेळा नव्या माणसांची ओळख करून द्यावी लागते, आणि तीही पाच-सात मिनिटांत.

गोष्टी आणि त्यांना बांधणारा धागा

पहिली गोष्ट चकव्याची: कापणी झालेल्या मळ्यातून रात्री घरी निघालेला माणूस पुन्हा पुन्हा त्याच बांधावर येऊन पोचतो. दुसरी विहिरीची, पाण्यातल्या आसरांची. तिसरी मुंजाची. मुंज झाली पण सोडमुंज होण्याआधी गेलेला मुलगा पिंपळावर राहतो, ही समजूत महाराष्ट्रात सगळीकडे आहे. चौथी राखणदाराची, म्हणजे जागेची राखण करणाऱ्या दैवताची: वडिलोपार्जित जमीन विकायला मुंबईहून आलेला वारस आणि देवाची संमती विचारायला देवळात लावलेला कौल.

धागा दशावताराचा, म्हणजे कोकणातल्या जत्रांत होणाऱ्या लोकनाट्याचा होता. जत्रेतल्या नाटकाआधी कलाकार रंगपटात, म्हणजे मेकअपच्या जागेत, बसून तोंड रंगवत आहेत आणि रंगवता रंगवता एकेक जण गोष्ट सांगतो आहे. सिंधुदुर्गात दशावतारी कलाकार आपला रंग आपणच लावतात. समोर छोटा आरसा, पेटाऱ्याला टेकलेली पाठ, बाजूला पखवाज लावण्याचा आवाज. ही कल्पना मला आजही या चित्रपटातली सगळ्यांत चांगली कल्पना वाटते. ती उसनी आणलेली नाही. दशावतार रात्री उशिरा सुरू होतो आणि पहाटेपर्यंत चालतो, गोष्टी सांगायला तेवढी रात्र तिथे खरोखरच असते.

चकवा २०२३ च्या डिसेंबरात शूट झाला. रंगपट जत्रांच्या मोसमात, फेब्रुवारीत. पाठोपाठ विहीर आणि राखणदार. मुंजा सगळ्यांत शेवटी, मे २०२४ मध्ये.

अडचण

मुंजाच्या गोष्टीत भूत दिसायचं होतं. मुलाचं वय बारा. बालकलाकारांसाठी कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती द्यावी लागते आणि मानधनाचा किमान २० टक्के भाग मुलाच्या नावे बँकेत ठेवावा लागतो. टीमने हे सगळं नीट पाळलं. त्याहीपुढे जाऊन, मुलाला रात्री जागवायचं नाही असं दिग्दर्शकाने ठरवलं. घरातली दृश्यं दिवसा, खिडक्यांना काळं कापड लावून घेतली. पिंपळावरची दृश्यं मात्र संध्याकाळीच घेणं भाग होतं.

गाडी अडली ती इथे. कोकणात सूर्य मावळल्यावर कॅमेऱ्याला चालेल असा निळसर उजेड वीस-पंचवीस मिनिटं मिळतो. तेवढ्या वेळात मुलाला दोर बांधून फांदीवर बसवायचं, मेकअप सारखा करायचा, फोकस पाहायचा आणि शॉट घ्यायचा. मेमधल्या दमट हवेत चेहऱ्यावरच्या लॅटेक्सच्या कडा घामाने सुटत होत्या. रोज संध्याकाळी दोन-तीन शॉट व्हायचे, चौथ्याला अंधार. रशेस पाहिले तेव्हा जवळच्या शॉटमध्ये मेकअपची शिवण दिसत होती आणि लांबच्या शॉटमध्ये दोर. मुलाने काम सुंदर केलं होतं, पण पडद्यावर दिसत होता रंग फासलेला एक दमलेला मुलगा.

त्यात ७ जून २०२४ ला आदित्य सरपोतदार यांचा ‘मुंज्या’ हा हिंदी चित्रपट आला. कोकणची पार्श्वभूमी, तोच मुंजा आणि भूत संपूर्णपणे संगणकावर घडवलेलं. त्याने शंभर कोटींच्या वर कमाई केली. आता आमच्या चित्रपटाकडे येणारा प्रत्येक प्रेक्षक तुलना करणार हे उघड होतं. निर्मात्यांपैकी दोघांचं म्हणणं पडलं की आपलंही भूत संगणकावर करू, नाहीतर ही गोष्टच काढून टाकू.

पर्याय

पहिला पर्याय व्हीएफएक्सचा. पुण्यातल्या एका छोट्या स्टुडिओने रशेस पाहून अंदाज दिला, तो एका संपूर्ण गोष्टीच्या शूटिंगइतका होता. पैशांहून मोठी अडचण तांत्रिक होती. कॅमेरा सोनी एफएक्स ३, आणि संध्याकाळचे बरेच शॉट १२,८०० आयएसओवर (आयएसओ म्हणजे उजेडाला असलेली संवेदनशीलता) घेतलेले. या कॅमेऱ्याच्या दोन मूळ संवेदनशीलतांपैकी ही वरची, त्यामुळे चित्र एरवी स्वच्छच येतं. पण उजेड कमी पडला की सावल्यांत दाणा येतो, आणि आमच्या शॉटमध्ये भूत नेमकं सावलीत होतं. त्यात झाड पिंपळाचं. पिंपळाच्या पानाचा देठ लांब आणि लवचिक, जराशा झुळकीनेही पान हलतं. दाणेदार चित्रातून हलणारं पान न् पान कापून मागे भूत बसवायचं, हे काम कमी पैशांत नीट होत नाही. स्टुडिओवाल्यांनी हे प्रामाणिकपणे सांगितलं.

दुसरा पर्याय गोष्ट काढून टाकण्याचा. लांबी कमी झाली असती, खर्च थांबला असता. इथे मी टीमला दोन जुनी उदाहरणं दाखवली. ‘डेड ऑफ नाइट’ हा १९४५ चा ब्रिटिश चित्रपट, ईलिंग स्टुडिओचा. पाच गोष्टी आणि त्यांना गुंफणारी एक चौकट. अमेरिकेत दाखवताना त्यातल्या दोन गोष्टी काढल्या गेल्या. पण चौकटीच्या शेवटी सगळ्या गोष्टींतली माणसं पुन्हा समोर येतात, त्यामुळे तिथल्या प्रेक्षकांना ही माणसं कोण, कुठून आली, काही कळेना. उलट मासाकी कोबायाशी यांचा १९६४ चा ‘क्वायदान’. त्यातल्याही चारपैकी हिमस्त्रीची गोष्ट अमेरिकेतल्या प्रदर्शनासाठी काढली गेली. एक सुंदर गोष्ट हुकली हे खरं, पण गोष्टी एकमेकींत अडकवलेल्या नसल्यामुळे उरलेला चित्रपट समजायला अडचण आली नाही.

आमचा चित्रपट पहिल्या जातीचा होता. मुंजाची गोष्ट सांगणारा म्हातारा कलाकार रंगपटाच्या शेवटच्या दृश्यात रंग उतरवायला नकार देतो, आणि का ते फक्त मुंजाच्या गोष्टीमुळे कळतं. ती काढली असती तर शेवट लंगडा झाला असता.

तिसरा पर्याय: भूत दाखवायचंच नाही. आहे त्यातलं निम्मं ठेवून दोन-तीन रात्रींचं पॅचवर्क, म्हणजे लागतील तेवढ्याच शॉटचं नवं शूटिंग, करायचं आणि मुंजा फक्त ऐकवायचा.

या तिसऱ्या पर्यायाकडे टीम वळली ती रंगपटात काम केलेल्या एका ज्येष्ठ दशावतारी कलाकारामुळे. रशेस पाहून ते दिग्दर्शकाला म्हणाले, “झिला, भूत एकदा दिसला काय भ्या सपला.” दिग्दर्शकाने त्या रात्री पटकथेतली मुंजाची चारही दर्शनं खोडली.

चौथाही एक पर्याय चर्चेत आला होता, मुंजाऐवजी दुसरी नवीनच गोष्ट शूट करण्याचा. पैशांअभावी तो दहा मिनिटांत बाजूला पडला.

काय केलं

पावसाळा लागला होता. लगेच शूट केलं असतं तर मेमधलं कोरडं अंगण आणि जुलैमधली शेवाळलेली पायरी एकमेकांना लागली नसती. दिवाळीनंतरपर्यंत थांबायचं ठरलं. हा निर्णय सोपा नव्हता. दुकानदार निर्मात्यांनी घातलेली रक्कम तेवढे महिने अडकून पडणार होती, आणि त्यांनी तसं स्पष्ट बोलूनही दाखवलं. ते थांबायला तयार झाले, कारण दिग्दर्शकाने तोवर बाकीच्या तीन गोष्टींचं संकलन पुरं करून दाखवायचा शब्द दिला आणि तो पाळला.

नोव्हेंबरात पुन्हा जमलो तेव्हा मुलगा बराच उंच झाला होता आणि आवाज फुटायला लागला होता. भूत दाखवायचं असतं तर इथेच सगळं संपलं असतं. पण आता मुंजा दिसणार होता तो पाठमोऱ्या खांद्यापुरता, जानव्याच्या रेषेपुरता. त्यासाठी दुसरा लहान मुलगा चालला, तोही दिवसा, काळ्या कापडाआड.

बाकी सगळं घरातून, ओटीवरच्या गजाच्या खिडकीतून घेतलं. एक शॉट इथे सविस्तर सांगायला हवा. आई ओटीवर ताटं मांडते आहे. खिडकीतून पिंपळाचं खोड आणि एक खालची फांदी दिसते. पानांची सळसळ सुरू होते. आई पाहते. फांदीवरची पानं स्तब्ध आहेत, एकही हलत नाही, आणि सळसळ चालूच. आई एक ताट वाढवते. बस, एवढंच. हा शॉट मिळवायला जवळजवळ अख्खी रात्र गेली, कारण पिंपळ स्तब्ध सापडणं महाकठीण. पहाटेच्या सुमारास वारा पूर्ण पडला तेव्हा तो मिळाला. त्यात ना मेकअप, ना व्हीएफएक्स. सळसळ ध्वनिमुद्रकाने मे महिन्यात त्याच झाडाखाली सहज नोंदवून ठेवलेली होती.

आवाजाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण हा चित्रपट तिथे उभा राहिला. कमी बजेटच्या भयपटात आवाजाचे पैसे शेवटी उरतील त्यातून काढले जातात. इथेही तसंच ठरलं होतं. व्हीएफएक्सचा बेत रद्द झाल्यावर, त्यासाठी जमवलेल्या रकमेतला मोठा वाटा फॉली (पावलं, भांडी असे आवाज नंतर स्टुडिओत करून भरणं) आणि मिक्सिंगला द्यावा असा आग्रह मावसबहिणीने धरला. ती सिनेमाच्या व्यवसायातली नाही, पण तिचं म्हणणं बरोबर होतं.

अडचणी पुष्कळ होत्या. सिंक साउंड, म्हणजे शूटिंगच्या वेळचाच आवाज, घ्यायचा तर जनरेटर लांब हवा, आणि पाणंदीतून जनरेटरची गाडी तशीही आत येत नव्हती. त्यामुळे घरच्या विजेवर चालणारे एलईडी दिवे आणि लांबवर ओढलेल्या केबल यांवर काम भागवलं. रातकिड्यांचा आवाज डिसेंबरात वेगळा, मेमध्ये वेगळा, नोव्हेंबरात आणखी वेगळा. एकाच दृश्यात मेचे आणि नोव्हेंबरचे शॉट शेजारी आले की कानाला लगेच खटकायचं. उपाय म्हणून मुंजाच्या गोष्टीत रातकिडे जवळजवळ काढूनच टाकले. त्या शांततेने गोष्ट आणखी गडद झाली.

पार्श्वसंगीतासाठी वेगळा वाद्यवृंद परवडणार नव्हता. रंगपटातला पखवाजच सगळ्या गोष्टींत झिरपू दिला. चकव्यात माणूस चालतो तेव्हा लांबवर जत्रेतला पखवाज ऐकू येतो, आपण गावाच्या जवळ आहोत असं त्याला वाटतं. तो थांबतो तेव्हा पखवाजही थांबतो.

क्रम, मध्यंतर आणि रंगवलेलं तोंड

कच्चं संकलन पुण्यात काही कॉलेजच्या मुलांना दाखवलं. मूळ क्रम चकवा, विहीर, मध्यंतर, मुंजा, राखणदार असा होता. विहीर सगळ्यांत भारी ठरली. मध्यंतरानंतर परतलेला प्रेक्षक लगेच मुंजासारख्या संथ, दबक्या गोष्टीत शिरत नव्हता, मोबाइल बाहेर निघत होते. मुंजा मध्यंतराआधी आणि विहीर शेवटी, हे सगळ्यांना पटलं.

पण रंगपट तसा शूट झालेला नव्हता. पहिल्या गोष्टीच्या वेळी कलाकारांची तोंडं कोरी, दुसरीच्या वेळी सफेदा लावलेला, तिसरीच्या वेळी भुवया आणि ओठ, चौथीच्या वेळी मुकुटासह पूर्ण वेश. विहिरीची गोष्ट सांगणारा कलाकार अर्ध्या रंगात होता. त्याला शेवटी न्यायचं तर त्याचा रंग मागे जाणार. या दृश्यांची दुरुस्ती करायला नवा मोसम सुरू व्हायची वाट पाहावी लागली, कारण खरी कंपनी आणि खरी जत्रा हवी होती. शेवटी एका रात्रीत त्या कलाकाराचे आरशातले आणि पाठीमागून घेतलेले शॉट पूर्ण वेशात मिळाले आणि गोष्ट त्यांच्यावर बोलती केली. जाणकार माणसाला जोड दिसते. बाकीच्यांना दिसली नाही.

राखणदाराच्या गोष्टीतही एक निर्णय महत्त्वाचा होता. मूळ पटकथेत कोंबडा दिला जातो. प्राणी वापरायचा तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते. ती घेता आली असती, पण दिग्दर्शकाने नारळावर भागवलं. विडी मात्र ठेवली, राखणदाराला विडी ठेवणं ही तिथली खरी रीत आहे. तिच्यामुळे सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर तंबाखूविरोधी संदेश, आणि दृश्य चालू असताना खाली इशारा, हे सगळं आलं. भगत येऊन सगळं सोडवतो असा मूळ शेवट होता, तोही बदलला. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये झालेल्या राज्यात, त्यामागे माणसांनी आयुष्यं वेचलेली असताना, भगताला तारणहार करणं टीममधल्या कोणालाच पटत नव्हतं.

परिणाम

सेन्सॉरकडून यूए १६+ प्रमाणपत्र मिळालं. २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर यूएचे ७+, १३+ आणि १६+ असे भाग झाले आहेत, त्याचा इथे फायदा झाला. ‘ए’ मिळालं असतं तर टीव्हीसाठी काटछाट करून वेगळं प्रमाणपत्र घ्यावं लागलं असतं, आणि टीव्हीचे हक्क हीच निर्मात्यांची खरी आशा होती.

थिएटरमध्ये चित्रपट फार टिकला नाही. मुंबई-पुण्यात मिळालेले शो अडनिड्या वेळेचे होते, सिंधुदुर्ग आणि कोल्हापुरात प्रतिसाद चांगला होता. टीव्हीच्या हक्कांतून घातलेल्या पैशांचा मोठा भाग परत आला, सगळा आला नाही. मुंजाच्या गोष्टीवर दोन टोकांच्या प्रतिक्रिया आल्या. काहींना भूत दिसलंच नाही म्हणून फसवल्यासारखं वाटलं. पण सर्वाधिक आठवणीत राहिलेला शॉट कोणता असं विचारलं की स्तब्ध पिंपळाचंच नाव निघायचं.

वेगळं काय करता आलं असतं

रंगपट शेवटी शूट करायला हवा होता. गोष्टींचा क्रम संकलनात बदलतोच, आणि जोडणाऱ्या दृश्यांत वेळ पुढे सरकवणारी खूण, मग ती रंग असो, मेणबत्ती असो की घड्याळ, क्रम पक्का होईपर्यंत टिपू नये. जत्रांचा मोसम सोयीचा होता म्हणून तो भाग आधी उरकला गेला. मुंजा डिसेंबरात आणि रंगपट एप्रिलच्या शेवटच्या जत्रांत झाला असता, तर कच्चं संकलन हातात घेऊन रंगपटाकडे जाता आलं असतं.

दुसरं, मुंजाच्या मेकअपची चाचणी पुण्यातल्या एसी खोलीत झाली होती. मेमध्ये त्याच अंगणात, त्याच वेळी एक संध्याकाळ चाचणी घेतली असती तर वीस मिनिटांचा उजेड आणि सुटणाऱ्या कडा, दोन्ही आधीच कळले असते.

तिसऱ्या गोष्टीवर टीममध्ये अजून एकमत नाही. दुकानदार निर्मात्यांचं मत आहे की वाट न पाहता जूनमध्येच मुंजा काढून, शेवट बदलून चित्रपट पुढे न्यायला हवा होता, व्याज तरी वाचलं असतं. हिशेबाच्या अंगाने ते चुकीचं नाही. मला मात्र थांबणं योग्य वाटतं, कारण थांबल्यामुळेच आवाजाला पैसा आणि वेळ मिळाला आणि त्याने चारही गोष्टी उचलल्या.

दशावतारी कलाकारांना दिलेल्या मानधनाबद्दलही लिहायला हवं. जत्रेतल्या एका रात्रीला कंपनीला मिळणाऱ्या रकमेवर ते ठरवलं गेलं. शूटिंगची रात्र नाटकाच्या रात्रीहून लांबली, रंग दोनदा लावावा लागला, दुसऱ्या दिवशीची जत्रा अर्ध्या झोपेवर करावी लागली. पॅचवर्कच्या वेळी दिग्दर्शकाने ही रक्कम वाढवली आणि आधीच्या रात्रींचा फरकही दिला. पुढच्या चित्रपटाच्या बजेटात ही ओळ त्याने कॅमेऱ्याच्या भाड्याच्या वर लिहिली आहे.